पासष्ट टक्के

"धूळ बसंल म्हणून घातलाय रे," कमलकाकू म्हणाल्या आणि राऊटरवरचा क्रोशाचा रुमाल त्यांनी दोन बोटांनी उचलला.

रुमालाखाली राऊटर चांगलाच तापला होता. त्याच्या एका अंगाला पितळेचा तांब्या, दुसऱ्या अंगाला स्टीलचा मोठा डबा, मागे आरसा. आमच्याकडे घरात नवं यंत्र आलं की आधी त्याला रुमाल विणतात आणि मग ते चालू करतात. टीव्हीला रुमाल, मिक्सरला रुमाल, फ्रिजच्या मुठीलासुद्धा रुमाल. त्यामुळे मी नेहमीसारखा थट्टेवर आलो.

"काकू, ह्याला काय थंडी वाजतीय होय? निम्मा स्पीड ह्या रुमालानंच खाल्लाय. उरलेला ह्या तांब्यानं."

त्या हसल्या नाहीत. रुमालाची घडी करून त्यांनी ती पोटाशी धरली आणि म्हणाल्या, "कवा संपंल तेवढं सांग."

टेबलावर जुना कॉम्प्युटर होता. पडद्यावर एक हिरवी पट्टी, जेमतेम पाचवा हिस्सा भरलेली, आणि तिच्याखाली आकडा. एकोणीस टक्के. पडद्यासमोर बापूकाका हात मागे बांधून उभे होते. मी घरात आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

ही अकरा वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि इचलकरंजीत एका केबलवाल्याच्या इंटरनेटचं काम बघायचो. नाव शीतल मगदूम. आम्हा जैनांत हे पुरुषाचं नाव असतं, पण फोनवर सांगितलं की लोक हमखास 'मॅडम' म्हणायचे. कामात मात्र माझं नाव होतं. कुणाच्या घरी स्पीड येत नसेल तर मालक मलाच पाठवायचे. "शीतल येऊन गेला की स्पीड येतो," असं गल्लीबोळात बोललं जायचं. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं.

रेंदाळ्यांच्या ह्या घरातलं कनेक्शन मीच दोन वर्षांपूर्वी जोडलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी वैजू पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा तिनंच ते घेऊन दिलं होतं, रोज आईबापांशी तोंड बघून बोलता यावं म्हणून. ती वैजू सात महिन्यांपूर्वी हायवेवर अपघातात गेली. तिच्या फोनचाही चक्काचूर झाला. काकूंकडे तिचे चार फोटो आणि कंपनीचं ओळखपत्र एवढंच उरलं होतं.

त्या पट्टीत भरत होतं ते वैजूचंच होतं.

"तिच्या हापिसात मैत्रीण हाय, मुग्धा म्हणून," काकू सांगू लागल्या. "तिचा फोन आला. म्हणाली, काकू, वैजूनं फोनातलं सगळं हापिसाच्या कॉम्प्युटरवर ठेवल्यालं हाय. फोटो, व्हिडिओ, सगळं. दिवाळीला चार दिवस आलेली न्हवं का, तवा सारखी शूटिंग करत हुती बघ. मला करंज्या करताना, ह्यास्नी कारखान्यात. स्वतःचं बी करायची, बोलत बोलत. ते समदं हाय म्हणं त्यात."

मुग्धानं साहेबांच्या हातापाया पडून त्या सगळ्याची एक लिंक मिळवली होती. ती कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली होती आणि जुनी खाती रविवारी दुपारी बारा वाजता पुसली जाणार होती. लिंक एकदाच उघडणार होती, एकाच कॉम्प्युटरवर. काकूंनी ती गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, देवापुढे दिवा लावून उघडली. आता शुक्रवारचे बारा वाजत आले होते. अठरा तासांत एकोणीस टक्के. मी मनातल्या मनात हिशेब केला. ह्या चालीनं सोमवारची संध्याकाळ झाली असती.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी जरा चिडूनच म्हणालो. "आमच्या ऑफिसात उघडली असती तर तासा-दोन तासांत उतरलं असतं सगळं."

"तिचं हाय ते. परक्याच्या जागंत कशाला उघडायचं?"

मी पडद्याजवळ जाऊन पट्टीखालचा वेग बघितला.

"मग आता थांबवून तिकडं नेलं तर?" काकूंनी विचारलं.

"छे छे, अजिबात हात लावू नका. मधे तुटलं की संपलं. लिंक परत उघडणार नाही."

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं, शुक्रवारी बारा वाजता.

मग मी कामाला लागलो, आणि काम मी झकास केलं, हे आजही सांगतो. चालत्या गाडीचं चाक बदलावं तसं ते काम होतं. कॉम्प्युटरला सरळ वायर जोडली असती तर सगळ्यात बरं, पण ती जोडतानाच जोडणी तुटली असती. गच्चीवरच्या वायरीचा जोड जुना झाला होता, तोही कापायची सोय नव्हती. तेव्हा तो नुसता वाऱ्यानं हलू नये म्हणून खिळ्याला बांधून ठेवला. खाली येऊन तांब्या, डबा, आरसा सगळं आतल्या खोलीत नेलं. राऊटर भिंतीपासून वीतभर पुढं घेतला, तोसुद्धा श्वास रोखून, वायरीला ताण न देता. मग फोनवर राऊटरचं पान उघडून बघितलं तर शेजारपाजारच्या पाच फोनांवर ह्यांचंच नेट चाललेलं. काकूंनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्या पाचही जणांना मी एकेक करून बाहेर काढलं. कॉम्प्युटर आतल्या आत स्वतःच्या दुरुस्तीसाठी काहीबाही उतरवून घेत होता, तेही बंद केलं.

पट्टीखालचा वेग हळूहळू दुप्पट झाला.

"लाइट गेली तर?" काकू म्हणाल्या.

"इन्व्हर्टर आहे की. वैजूनं बसवून दिलेला."

"व्हय. आणि हे?"

'हे' म्हणजे बापूकाका. बापूकाका आयुष्यभर जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे मिस्त्री. फार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांसमोर एक कारखाना जळाला होता, कुणीतरी एक बटण चालू ठेवून घरी गेलं म्हणून. तेव्हापासून कुठंही चालू बटण दिसलं की त्यांचा हात आपोआप जायचा. लग्नाच्या हॉलमध्ये जेवता जेवता उठून त्यांनी लोकांच्या डोक्यावरचे पंखे बंद केले आहेत. आणि राऊटरचं बटण नेमकं त्या खुंटीच्या शेजारी होतं जिच्यावर त्यांची टोपी असायची.

काकूंनी त्यावर आधीच उपाय केला होता. कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'बटण बंद करायचं नाही.' आणि चिकटपट्टीनं ते बटणाच्या वर लावलं होतं.

"काका, ह्या बटणाला दोन दिवस विसरा बरं का," मी वायरी आवरता आवरता म्हणालो.

"मान वर करून बोल," बापूकाका म्हणाले. "ओठ दिसंनात."

मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातातच. पण त्या खडखडाटात एक भाषाही येते. चार माग सोडून पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायचं. कारखान्यातली सगळी माणसं तसंच बोलतात, चहा सांगण्यापासून शिव्या देण्यापर्यंत. बापूकाका आता घरातही तसंच ऐकायचे. मी मान वर केली आणि वाक्य परत म्हणालो. ते हसले.

"न्हाई लावत हात. तिची शप्पत." मग पट्टीकडे बघत म्हणाले, "किती टक्के झालं?"

"बावीस होत आलेत."

"फोटो हाइत रे तिचं माझ्याजवळ," ते म्हणाले. "पण फोटोत ती बोलत न्हाई. आवाज नसला तरी चालंल मला. ओठ हललं की बास."

काकू म्हणाल्या, "ल्हानपणी डबा घेऊन कारखान्यात जायची न्हवं, तिथं शिकली ही बिनआवाजाची भाषा. व्हिडिओवर बी बापलेक तसंच बोलायची. मी मधे बसल्याली, मला कायसुदिक कळायचं न्हाई. मी म्हणायची, चोरून काय बोलताय गं माझ्यादेखत?"

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी लाडू घेऊन आल्या. मी परत हिशेब करून सांगितला. रविवारी पहाटे चार. बाराच्या आधी आठ तास हाताशी राहत होते.

"चार म्हंजे चार?" काकूंनी विचारलं.

"चार म्हणजे चार. शब्द देतो. आणि उद्या सकाळी ऑफिसातून परत एकदा बघतो, अजून काही वाढवता आलं तर."

ते शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. कुणी मागितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला मी ऑफिसात गेलो. समोर चहा आला. मी आमच्या कॉम्प्युटरवर रेंदाळ्यांचा नंबर काढून बघितला. ग्राहक क्रमांक चारशे सतरा. सगळं सुरळीत होतं. डाउनलोड न थांबता चाललं होतं. तिथंच मी उठायला हवं होतं.

पण माझ्या डोक्यात शनिवारची संध्याकाळ आली. शनिवारी संध्याकाळी आख्खं गाव सिनेमे बघायला बसतं आणि सगळ्यांचाच स्पीड पडतो. ते आठ तास त्यातच गेले तर? चाराचे आठ होतील, आठाचे बारा होतील. मग मला वाटलं, ह्यांचा प्लॅन दोन दिवसांपुरता दुप्पट करून टाकू. मालकांना कळायचं कारण नाही. आज रात्रीच काम होऊन जाईल, काकूंना फोन करून सांगू, की काकू, चार कसले, रात्री दहालाच बघा. त्या काय म्हणतील हेसुद्धा मी ऐकून घेतलं मनात.

चारशे सतरा नंबर उघडला. दोनाच्या जागी चार घातलं. खालचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: नवा स्पीड लागू होण्यासाठी राऊटर बंद-चालू करायचा का?

ही चौकट दिवसातून पन्नास वेळा माझ्यासमोर यायची आणि पन्नास वेळा मी 'हो' दाबायचो. वाचायचीही गरज नसायची. एका हातात कप होता. दुसऱ्या हातानं मी 'हो' दाबलं.

चारशे सतराच्या शेजारी कॉम्प्युटरनं आपण होऊन वेळ लिहिली. अकरा वाजून दहा मिनिटं.

मी राहिलेला चहा संपवला. काकूंना खुशखबर द्यायला फोनकडे हात नेला, तेवढ्यात तोच वाजला.

"शीतल," काकूंचा आवाज आला. "आरं, पट्टी थांबली."

"येतो," एवढंच म्हणालो. गाडीवर बसलो ते कसा पोचलो मला माहीत नाही. वाटेत मी एकच ठरवत होतो: दारातूनच सांगायचं, काकू, चूक माझी आहे. दोन वेळा मोठ्यानं म्हणूनही बघितलं, हेल्मेटच्या आत.

दार उघडंच होतं. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते. काकू खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. बापूकाका खुंटीपाशी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातात टोपी होती. पडद्यावरची पट्टी लाल झाली होती. पासष्ट टक्के.

मी तोंड उघडायच्या आत काकू बोलू लागल्या.

"मी भाकरी थापत हुते. सहज बाहीर बघितलं तर ह्या डबीचं समदं दिवं गेल्यालं आणि हे बटणापाशी! मी डोळ्यानं बघितलं, शीतल. हात तिथंच हुता. मी बाहीर येस्तवर दिवं परत लागलं, पण पट्टी थांबली ती थांबलीच."

"टोपी घेत हुतो," बापूकाका म्हणाले. "बँकंत जायचं हुतं. टोपी काढली फकस्त."

"आवो, हात बटणावर हुता तुमचा."

"टोपीवर हुता गं."

"चाळीस वरसं सवय हाय तुमास्नी! बटण दिसलं की दाबायचं! एवढा कागूद लावला, शप्पत घातली..." मग त्या माझ्याकडे वळल्या. "शीतल, तू सांग. तू जाणकार हाइस. बटण बंद केल्यावर आसंच हुतंय न्हवं?"

खोलीत दोघंही माझ्याकडे बघत होते. काकू माझ्या डोळ्यांकडे, बापूकाका माझ्या ओठांकडे.

नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो असं नाही. नोकरी दुसरी मिळाली असती. मी घाबरलो ते काकूंच्या त्या तोंडाला. ते तोंड माझ्याकडे तसं वळलं असतं तर मला ते सोसलं नसतं. एवढंच कारण होतं.

"बटण बंद केल्यावर असंच होतं, काकू," मी म्हणालो.

वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी त्यात एका अक्षराचंही खोटं बोललो नव्हतो. आणि ते मी जरा हळू, नीट ओठ हलवून बोललो, बापूकाकांशी बोलायची सवय होती म्हणून.

बापूकाकांनी ते वाचलं. मग त्यांनी टोपी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताकडे बघितलं. कुणा दुसऱ्याचा हात बघावा तसं.

"दाबलं आसंल मग," ते म्हणाले.

मुग्धाला फोन लावला. ती बिचारी रडकुंडीला आली. साहेब सुट्टीवर, फोन बंद. दुसऱ्या साहेबांनी सांगितलं, लिंक एकदाच, हे लेखी कळवलं होतं. मी पडद्याशी झटापट करत संध्याकाळपर्यंत बसलो. अर्धवट उतरलेली फाइल उघडते का बघितलं, तीन-चार तऱ्हांनी बघितलं. अशी फाइल म्हणजे बंद पेटी, आणि तिची किल्लीच शेवटच्या टक्क्यात असते. ती आल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. रविवारी मी सकाळीच गेलो. बाराला पाच कमी असताना काकू पडद्यासमोर येऊन बसल्या. बारा वाजले, आणि काहीच झालं नाही. पडदा होता तसाच राहिला, शेजारचे माग चालू होते, काकूंनी पदरानं कळफलकावरची धूळ पुसली आणि उठून आत गेल्या.

मग अकरा वर्षं गेली.

बाहेरून बघणाऱ्याला त्या घरात काही बदललेलं दिसलं नसतं. काकू वेळच्या वेळी ताट वाढायच्या, औषधं द्यायच्या, त्यांचं अंथरूण घालायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त त्या दिवसापासून बापूकाकांशी बोलताना त्या तोंड दुसरीकडे करायच्या. भिंतीकडे, चुलीकडे, दाराकडे. बोलायच्या सगळं, पण काकांना ओठ दिसायचे नाहीत. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. ज्या दिवशी लक्षात आलं, त्या दिवशी मी त्यांच्या दारातून बाहेर पडलो आणि गाडी सुरू करता येईना म्हणून कितीतरी वेळ तिथंच उभा राहिलो.

इंटरनेट त्यांनी बंद केलं नाही. "ऱ्हाऊ दे चालू," काकू म्हणायच्या. "काय सांगावं." दर रविवारी त्या कॉम्प्युटर लावून ती फाइल उघडायचा प्रयत्न करायच्या. बटणावरचा कागदही त्यांनी काढला नाही. तो पिवळा पडला, चिकटपट्टी सुटली की त्या नवी लावायच्या. बापूकाकांनी टोपी दुसऱ्या खुंटीवर ठेवायला सुरुवात केली. आणि बटणं बंद करायची त्यांची सवय एका दिवसात गेली. चालू पंख्याखालून ते नुसते निघून जायचे.

मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो. काकू म्हणायच्या, "तू तरी किती धडपड केलीस बाबा त्या दिवशी," आणि लाडू पुढं करायच्या. मी तो खायचो. अकरा वर्षांत किती लाडू खाल्ले असतील कुणास ठाऊक.

गेल्या कार्तिकात काकू गेल्या. तीन दिवस ताप आला आणि गेल्या. मी खांदा द्यायला होतो.

गेल्या महिन्यात बापूकाका काठी टेकत माझ्या दुकानात आले. आता माझा स्वतःचा इंटरनेटचा धंदा आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. ते म्हणाले, "ती डबी काढून ने, शीतल. आता कुणाला बघायचंय?"

माणूस पाठवता आला असता. मी स्वतः गेलो.

दुपारची वेळ होती. बापूकाका दारातल्या उजेडात खुर्ची टाकून बसले होते. आता त्यांना अजिबात ऐकू येत नाही. राऊटरवर तोच निळा-पांढरा रुमाल परत घातलेला होता. मी तो उचलला, वायर काढायला वाकलो, आणि समोर कागद आला. 'बटण बंद करायचं नाही.' काकूंचं अक्षर.

"काका," मी वाकलेलाच होतो. "त्या दिवशी बटण तुम्ही बंद केलं नव्हतं."

मला वाटतं, त्यांना ऐकू येत नाही म्हणूनच ते तोंडातून निघालं. पण त्यांनी माझी मान हललेली बघितली असावी.

"काय म्हणतोयस? मान वर कर. ओठ दिसंनात."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. मान वर केली. उजेड माझ्या तोंडावर पडत होता. आणि एकेक शब्द सुटा सुटा करून मी सगळं सांगितलं. स्पीड वाढवायला गेलो ते, चौकट आली ते, 'हो' दाबलं ते. मधेच माझी मान खाली गेली तेव्हा त्यांनी काठीचं टोक हळूच माझ्या हनुवटीला लावलं आणि ती वर केली.

"कितीला दाबलंस?"

"अकरा वाजून दहा मिनिटांनी."

ते बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले, अजून काही येतंय का म्हणून.

"तवा माझा हात टोपीवर हुता," ते म्हणाले.

"हो काका."

"मला म्हाईत हुतं. पैल्यांदा म्हाईत हुतं. मग ती म्हणाली. तू बी म्हणालास. मग मला दिसायला लागलं, बोट बटणावर. सपनात बी दाबायचो रं मी. रोज दाबायचो."

"काका, मला..."

"कमळला सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

ते उठले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते माझ्या बाजूनं पुढं गेले, बटणापाशी गेले आणि नखानं चिकटपट्टी सोडवायला लागले. अकरा वर्षांत पट्टीवर पट्टी चढली होती. मी उठून पुढं झालो तर त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. शेवटी कागद निघाला, त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला. कागदाखालचं बटण अजून चालूच होतं. त्यांनी ते बंद केलं नाही.

कागद घेऊन ते पलीकडच्या भिंतीपाशी गेले. तिथं काकूंचा हार घातलेला फोटो आहे, शेजारी वैजूचा. काका काकूंच्या फोटोसमोर उभे राहिले, कागद छातीशी धरला, आणि ओठ हलवायला लागले. आवाज नव्हता. चार माग पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं, सावकाश, तोंड मोठं उघडून.

ती भाषा मी कधी शिकलो नव्हतो. पण ते तेच तेच म्हणत होते, म्हणून मला कळलं.

'कमळ, मी न्हवतो.'

एकदा म्हणायचे, आणि मग थांबून तिच्या ओठांकडे बघायचे.